कढईवर पारखलेले मोजे

भिंतीपलीकडं काय चाललंय ते बघायचं नाही, असं सुगंधाक्कानं सकाळीच ठरवलं होतं. म्हणून तिनं दुपारपर्यंत दम धरला, आणि मग साच्याची एक रिकामी पेटी भिंतीला लावून तिच्यावर चढली.

साठी उलटलेली बाई. गुडघे कुरकुरले. कुरकुरू देत म्हणाली.

भिंत वाटणीची होती. धाकटा दीर बाळगोंडा आणि त्याची बायको पद्मजा यांनी वेगळं व्हायचं काढलं, तेव्हा शिरोलीतल्या मगदूम ओतकामाचे मधोमध दोन तुकडे झाले. भट्टी आपल्याकडं राहिली आणि गिऱ्हाईक पदमानं पळवलं, असं अक्का सांगायची. पद्मजा काय सांगायची ते अक्कानं कधी ऐकून घेतलं नव्हतं. अडीअडचणीला असावं म्हणून भिंतीत एक लोखंडी दार ठेवलं होतं. अक्कानं पहिल्याच दिवशी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मोठ्या कारखान्यांत आता लोखंडाचा रस ओतायचं काम यंत्रांचे हात करत. त्यांना चहा लागत नाही, सण लागत नाहीत. पण कुणाच्या जुन्या पंपाचं फुटलेलं कवच, कुठल्या गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक, असं एकुलतं एक काम आलं की ते यंत्राला शिकवण्यातच दिवस जायचा. असली किडूकमिडूक कामं मगदुमांकडं यायची, आणि ती माणसंच ओतायची. माणसं ओतणार असतील तर त्यांच्या हातात जाणते मोजे पाहिजेत, नाहीतर विमा मिळणार नाही, असं विमेवाल्यांनी यंदा कळवून टाकलं होतं. ते मोजे पद्मजानं आधी आणले. हेच तर अक्काच्या पोटात दुखत होतं.

पलीकडं अंगणात सगळी माणसं गोळा झाली होती. मध्ये शेगडी, तिच्यावर तापलेला तवा. निळ्या सदऱ्यातला एक तरुण मोजेवाला पद्मजाला विचारत होता, "वहिनी, भाकरी करताना बोट तव्याला लागलं तर तुम्ही काय विचार करता?"

"विचार कसला करायचा? हात मागं घेते."

"तुम्ही घेत नाही, तो आपोआप येतो. चटक्याचा निरोप डोक्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर फोड आलेला असतो. म्हणून तो निरोप पाठीच्या कण्यातूनच माघारी फिरतो, 'ओढ' म्हणून. हात आधी मागं येतो, 'आई गं' आपण नंतर म्हणतो." त्यानं मोजा उलटा करून मनगटाजवळची सुपारीएवढी गाठ दाखवली. "इथं तसाच एक छोटा कणा बसवलाय. आणि हे धागे साधे नाहीत. गरम वस्तूला हात लागायची ते वाट बघत नाहीत. उष्णता अंगावर चालून येताना त्यांना कळते. मग ते स्नायूसारखे आखडतात आणि हात ओढून घेतात. चटका बसायच्या आधी."

भिंतीवरून अक्काचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. चीज बरी आहे, तिनं मनात कबूल केलं. तेवढंच.

"हे झालं एकट्याचं," मोजेवाला म्हणाला. "पण तुमचं काम दोघांचं. खरी गंमत पुढंच आहे. एक जोडी या बघू."

माणसं एकमेकांना ढकलू लागली, तशी पद्मजानं बाळगोंडालाच दंडाला धरून पुढं ओढलं. "या की वो! लाजताय काय नव्या नवरीगत?" सगळे हसले. केस पांढरे झालेला बाळगोंडा लाल झाला आणि मोजे चढवून बायकोसमोर उभा राहिला. "लग्नात धरला होता त्याच्यापेक्षा घट्ट धरा," पद्मजा म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

अक्का पेटीवरून खाली उतरली.

तिचा नवरा दादगोंडा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा हात कसा होता ते तिला नीट आठवत होतं, आणि ते आठवायची ही वेळ नव्हती. "नाटकं सगळी," ती म्हणाली आणि पेटीला लाथ घातली. खरी गंमत जी काय होती ती मोजेवाल्यानं त्यानंतर सांगितली. ती भिंतीवरून अक्काच्या डोक्यावरूनच निघून गेली.

*

जालिंदर सुतार आणि दस्तगीर शिकलगार ही अक्काची खरी मिळकत. ओतायच्या भांड्याला दोन्हीकडं लांब दांडे असतात. पुढचा दांडा दस्तगीरचा, मागचा जालिंदरचा. पुढच्यानं भांडं साच्याच्या तोंडावर आणून तोलायचं, मागच्यानं ते कलतं करायचं. मध्ये उकळतं लोखंड, सूर्याच्या रंगाचं. उचलताना दस्तगीर "बिस्मिल्ला" म्हणायचा, जालिंदर "चांगभलं" म्हणायचा, आणि दोन्ही शब्द एकाच श्वासात सुटायचे. त्या श्वासावर भांडं उठायचं. वीस वर्षांत एक थेंब चुकीच्या जागी पडला नव्हता. भागातले लोक म्हणायचे, या दोघांच्या बायका तेवढ्या वेगळ्या आहेत.

चहा घेताना दस्तगीरनं बशीत बघत बघत विषय काढला. "अक्का, धाकट्या वहिनींनी निरोप धाडलाय. दोघंबी या म्हणत्यात. मोजे आल्यात, म्हणत्यात."

"आणि तुम्ही काय सांगितलंसा?"

"इचार करतो म्हटलं."

"इचार! त्यो करायला डोस्कं कुणाचं आणलंस, तिचंच?"

जालिंदर हसला नाही. "तसं न्हवं अक्का. रागावू नगासा. हात गेला तर घर गेलं. मोजे पायजेत बघा. घरी मंगल रोज डोकं खातीया माजं."

अक्कानं कप खाली ठेवला. ही जोडी त्या भिंतीपलीकडं गेली, तर इकडं उरणार काय? थंड भट्टी आणि एक कुलूप. आणि पदमा संध्याकाळी दारात उभी राहून विचारणार, अक्का, जेवलात का?

"आठ दिवस थांबा," ती म्हणाली. "तिनं आणल्यात त्याच्यापेक्षा सरस आणून देती. सुगंधाचा शब्द हाय."

*

शहरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं दोन प्रकारचे मोजे समोर मांडले. एक पद्मजानं घेतला तो. त्याच्या एका जोडाची किंमत ऐकून अक्का म्हणाली, "एवढ्यात दुभती म्हैस येती, वर दूध देती." दुसरा बिनछापाचा, तसाच दिसणारा, तसलीच सुपारी मनगटाला. त्याची किंमत शेळीची.

आता इथं सुगंधाक्काला कुणी कवडीचुंबक समजू नये. स्वस्त म्हणून भुलणारी ती बाई नव्हे. शाळा दुसरीत सुटली, पण ज्वारी, जावई आणि लोखंड ती हात लावून पारखायची, आणि तिघांतही अजून फसली नव्हती. छापील कागदावर कुणीही काहीही छापतं, हे तिचं मत. हाताला जे कळतं ते खरं.

"दोन्हीतला एकएक दे," ती म्हणाली. डाव्या हातात तिनं शेळी चढवली, उजव्या हातात म्हैस. आणि तशीच दुकानाची पायरी उतरून समोरच्या भजीच्या गाड्याशी गेली. कढईत तेल नुसतं तडतडत होतं.

"अवो मावशी, काय करालाय!" भजीवाला ओरडला.

"गप उभा ऱ्हा. तुजं भजं खात न्हाई मी." तिनं दोन्ही हात कढईवर धरले. भजीवाल्याचा झारा हलला, तेलाची एक चिळकांडी वर उडाली. डावा हात असा मागं आला की त्याच्या धक्क्यानं झारा रस्त्यावर खणखणत गेला. उजवा हात मात्र क्षणभर तिथंच राहिला. कुणाची परवानगी मागत असल्यासारखा थबकला, आणि मग आला. मोज्यावर तेलाचा थेंब पडलेला होता.

जमलेल्या लोकांकडं अक्कानं विजयानं बघितलं. "बघितलंसा? म्हैस झोपली हुती!"

दुकानदार मागोमाग धावत आला होता. "अक्का, तो महागातला असा एकट्यानं घालून कळायचा नाही. त्याला दुसरा–"

"मला एकटीला समदं कळतं. एकटीनंच भट्टी चालवली इतकी वर्सं. डाव्या हातात हाय तसले दे, समद्या माणसांना पुरतील एवढे."

दुकानदारानं तोंड उघडलं, मागणी केवढी आहे ते मनात मोजलं आणि तोंड मिटलं.

परतीच्या रस्त्यात अक्काला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पैसे वाचले याचा आनंद होताच. पण पदमानं म्हशीचे पैसे मोजून झोपाळू मोजे घेतले, हा आनंद वेगळाच होता. तो पुरणपोळीसारखा होता. तुपासकट.

*

दुसऱ्या दिवशी तिनं नवे मोजे लोखंडी दारातल्या झरोक्याच्या गजांना टांगले. ऊन द्यायला, असं म्हणाली. मोज्यांना ऊन लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पद्मजा पलीकडून आली. पन्नाशीची, बीकॉम झालेली, कानाला नेहमी काहीतरी लावून कुणाशी तरी बोलत असलेली. आज तिनं ते काढून हातात घेतलं. "नवे आणलेत वाटतं, अक्का?"

"आणलं. तुज्यापेक्षा चपळ हायती. कढईवर धरून बघितलं मी."

"कढईवर?"

"मग? कागद वाचून घेऊ व्हय? तुजा मोजा झोपतोय, पदमा. बदलून घे जा, अजून घेतील परत."

पद्मजानं गजातून हात घालून एका मोज्याची सुपारी चाचपली. तिच्या कपाळाला आठी पडली. "अक्का, हे मोजे एकमेकांशी बोलतात का? दुकानदाराला विचारलंत?"

"माज्याकडं मोजे बोलत बसत न्हाईत. काम करत्यात."

"मी चेष्टा करत नाही. हे जरा–"

"तुज्या पोटात दुखतंय ते मला कळतंय गं. ओवा खा." अक्कानं मोजे गजांवरून काढून काखेत मारले आणि मागं न बघता निघून गेली. संपूर्ण वाटणीत एवढा गोड दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता.

जालिंदर आणि दस्तगीर अक्काकडंच राहिले. मोजे चढवून दोघं आपापले पंजे उघडमीट करून बघत होते. सुरुवातीला सगळं बरं चाललं. एकदा उचलताना ठिणगी उडाली आणि दस्तगीरचा हात दांड्यावर चमकला. भांडं हिंदकळलं. "अक्का, ह्यो लई भित्रा हाय वो," दस्तगीर म्हणाला.

"भित्रा न्हाई, हुशार हाय. सवय हुईल."

मग एका दुपारी वाळूत ओल राहिली होती. चरकाचं चाक ओतायचं होतं. "बिस्मिल्ला," "चांगभलं," भांडं उठलं, साच्यावर आलं, कललं. रसाची धार आत गेली आणि आतल्या ओलीची वाफ होऊन साचा फुत्कारला. पितळी रंगाचे थेंब वर उडाले.

दस्तगीरची बोटं उघडली. त्यानं उघडली नाहीत, ती उघडली. दोन्ही हात दांड्यावरून सुटून छातीशी आले, कढईवरून अक्काचा डावा आला होता तसे, विजेसारखे. भांड्याचं पुढचं तोंड खाली गेलं. मागं जालिंदरला उष्णतेची लाट लागली आणि त्याचेही हात सुटले.

मोज्यांनी आपलं काम चोख केलं होतं. चारही हातांना साधा डाग पडला नाही. पण भांडं जमिनीवर आदळून मागं कललं, आणि रस जालिंदरच्या डाव्या पायावर सांडला.

त्या किंकाळीनंतर लोखंडी दारावर पलीकडून धडाधड हात बसायला लागले. "अक्का! दार उघडा! अक्का!" पद्मजाचा आवाज. भांडं अजून कलतं पडलेलं होतं, अर्धं भरलेलं, जालिंदरच्या शेजारी, कधीही पूर्ण लवंडेल असं. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. हात लावला तरी मोजे धरू देत नव्हते.

अक्काचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथं थांबला. एकच क्षण. त्या क्षणात तिच्या मनात जे आलं ते जालिंदरबद्दल नव्हतं. हिनं हे बघायला नको, एवढंच आलं.

मग तिनं कुलूप उघडलं. इतक्या वर्षांनी, गंजामुळं दोन्ही हात लावून. पद्मजाचे दोन ओतारी आत धावले, दोन्ही दांडे धरले. पुन्हा थेंब उडाला, पण त्यांचे हात उघडले नाहीत. दोघांचे मोजे एकदमच आवळले गेले आणि भांडं जसंच्या तसं, हळू, दोघांच्या हातातून वाळूवर सरळ बसलं.

अक्का बघत राहिली. तेवढ्यातही तिला वाटलं, किती छान उतरवलं. आणि ते आपलं नाही.

*

दवाखान्यात जालिंदरच्याच कातडीचा तुकडा वाढवून पायाला लावायचं ठरलं. डॉक्टरांना आता हे जमू लागलं होतं. पण दोन बोटं गेली ती गेलीच. चालेल, काठी घेऊन. भांडं पुन्हा उचलता येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

बाहेरच्या बाकावर दस्तगीर स्वतःच्या हातांकडं बघत बसला होता. कुणाचे तरी उसने आणल्यासारखे मांडीवर ठेवलेले हात. जालिंदरची बायको मंगल आतून बाहेर आली, त्याच्यासमोर थांबली.

"भाऊ भाऊ म्हणत हुतासा वीस वर्सं. येळ आली तवा आपला हात तेवढा बरा वाचीवलासा."

"वहिनी, म्या सोडलं न्हाई. हात सुटला. अल्लाची आण."

"हात काय शेजाऱ्याचा हुता व्हय?" ती म्हणाली आणि आत गेली.

दस्तगीर आत गेला तेव्हा जालिंदरनं तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी दस्तगीर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कामावरही नाही. त्याची बायको म्हणाली, घरात पाण्याचा तांब्यासुद्धा धरत नाहीत, सुटेल म्हणतात.

पद्मजा रोज यायची. डबा आणायची. अक्काला तो डबाही खुपायचा. पण एका संध्याकाळी दोघीच बाकावर बसलेल्या असताना अक्कानं समोरच्या भिंतीकडं बघत विचारलं, "तुजे मोजे का सुटलं न्हाईत?"

पद्मजानं तिला चिडवलं नाही. चिडवलं असतं तर सोपं गेलं असतं. "ते दोघांचे म्हणूनच केलेत, अक्का. या मनगटातली गाठ त्या मनगटातल्या गाठीला सारखी विचारत असते, तुझ्या हातात वजन आहे का? आहे म्हटलं, तर दोघंही सोडत नाहीत. उलट आवळतात, आणि भार दोघांनी मिळून खाली उतरवतात. जरा चटका बसतो. पण दोघांना सारखा, आणि थोडा. तुमच्या मोज्यातला धागा तोच आहे, गाठही बहुतेक तीच. फक्त त्यांना विचारणं शिकवलेलं नाही. ते ज्याच्या हातात असतात त्याचाच हात तेवढा वाचवतात."

अक्कानं उजवा हात समोर धरून बघितला. "म्हंजी कढईवर तो झोपला न्हवता."

"उत्तराची वाट बघत होता. जोडीचा दुसरा मोजा कुणाच्याच हातात नव्हता ना. उत्तर आलं नाही, मग एकटाच मागं आला."

"आणि हे तू मला दारापाशी सांगत हुतीस."

"तुम्ही ओवा खायला सांगितलात."

*

जालिंदर घरी आल्यावर एका रविवारी अक्का भिंतीतल्या दारापाशी गेली. त्या दिवसापासून दाराला कुलूप नव्हतं. लावायचं राहून गेलं होतं, असं ती म्हणायची.

"पदमा, रिकामी हाईस काय?"

"काय काम होतं, अक्का?"

"धरायला एक माणूस पायजे." अक्कानं कमरेची किल्ली चाचपली. "म्हटलं, तू असलीस तर बरं."

पद्मजानं का म्हणून विचारलं नाही. आत जाऊन आपले चार मोजे तेवढे पिशवीत टाकून आली.

दस्तगीरला अक्कानं घरातून कानाला धरून उठवलं, अगदी खरोखर कानाला. जालिंदरच्या अंगणात बाहेरची चूल पेटलेली होती. जालिंदर खाटेवर, पाय उशीवर. दस्तगीर कुंपणापाशीच थांबला. मंगल त्याच्याकडं पाठ करून उभी. कारखान्यातलं लहान भांडं अक्कानं रिक्षातून आणलं होतं. ते तिनं पाण्यानं भरलं, दोन्ही हातांत बिनछापाचे मोजे चढवले, आणि दुसरा जोड पद्मजाकडं फेकला.

"जालिंदर, हिकडं बघ. ही सुगंधा मगदूम. हिनं आजवर एक तरी वस्तू हातातनं सोडलेली बघितलीस?"

जालिंदरला बोलायचं नव्हतं, पण खोटंही बोलवेना. "न्हाई. किल्लीबी न्हाई, पगारबी न्हाई."

"तर मग बघ. म्या आज जीव गेला तरी दांडा सोडणार न्हाई. दात खाऊन धरती." तिनं पुढचा दांडा धरला, पद्मजानं मागचा. दोघींनी भांडं उचलून चुलीवर आणलं. अक्काची बोटं पांढरी पडली असतील इतकी आवळलेली होती, मोज्यातूनसुद्धा कळत होतं. "मंगल, वत पाणी निखाऱ्यावर."

मंगलनं तांब्या उपडा केला. फस्स करून वाफ आणि राख वर आली.

अक्कानं धरून ठेवलं. सगळा जीव बोटांत आणून धरून ठेवलं. आणि तिची मूठ उघडली. कुणीतरी एकेक बोट सोडवून घ्यावं तशी उघडली, आणि दोन्ही हात छातीवर येऊन आदळले. पलीकडं पद्मजाचंही तेच झालं. भांडं चुलीत कोसळलं, राखेचं पाणी दोघींच्या अंगावर उडालं. पद्मजाच्या काठाच्या साडीचं पोतेरं झालं. ते बघून अशा वेळीसुद्धा अक्काला किंचित बरं वाटलं.

अक्का आपल्या उघड्या पंजांकडं बघत होती.

"बघितलंस?" तिचा आवाज नेहमीसारखा राहिला नाही. "दस्तगीरनं न्हाई सोडलं. ह्यानं सोडायला लावलं, आणि हे म्या आणलं. हिच्यावर जळून आणलं. हिच्यापेक्षा सरस पायजे म्हणून, कढईवर एकटीनं बघून. शिव्या द्यायच्या तर हितं दे. त्याच्याकडं तोंड फिरवू नगंस."

जालिंदर खाटेवरून तिच्याकडं बघत राहिला. मग कुंपणाकडं. "आरं, उन्हात काय हुबा ऱ्हायलाईस," तो म्हणाला. आवाज फाटका होता. "ये की हिकडं. पाण्याचा तांब्याबी धरत न्हाईस म्हणं. वीस वर्सं कुणी धरलं मग माजं भांडं?"

दस्तगीर आला. खाटेच्या कडेवर बसला आणि जालिंदरच्या चांगल्या पायावर हात ठेवून राहिला. मंगल चहाचं आधण ठेवते म्हणाली आणि घाईनं आत गेली. शिव्या जालिंदरनं दिल्या नाहीत. तो आपल्याला त्या देणं लागतो, असं मात्र अक्काच्या मनात कायमचं राहिलं.

"आता हे," पद्मजा म्हणाली आणि पिशवीतून आपले मोजे काढले.

अक्काला ते घालायचे नव्हते. पण दोन पुरुष बघत होते, आणि त्यांना कुठल्या मोज्यांवर पुन्हा भांडं उचलायला सांगायचं ते ठरवायचं होतं. तिनं हात घातले. भांडं पुन्हा भरलं. खाटेवरून जालिंदर अर्धवट हसत म्हणाला, "चांगभलं," आणि त्याच श्वासात दस्तगीर, "बिस्मिल्ला." दोघी जावांनी भांडं उचललं.

वाफ आली. अक्काच्या बोटांना चटका जाणवला, थोडासा, सोसण्याजोगा. मूठ उघडली नाही. उलट मनगटाभोवती एक दाब आला. मोज्याचा नव्हे, पलीकडच्या हाताचा. मोजा तो इकडं आणून देत होता. पद्मजा किती घट्ट धरून आहे ते अक्काला आपल्या हाडात कळत होतं. भांडं हळूहळू, न हिंदकळता, जमिनीकडं निघालं. इतक्या वर्षांत कुणी तिच्याबरोबर काही उचललं नव्हतं, की खाली ठेवलं नव्हतं.

पकड चांगली होती. आपल्याहून चांगली होती, आणि तेच अक्काला खुपलं.

"हळू धर की गं," ती करवादली. "हात मोडतीस काय माजा?"

"सोडू का मग?"

"सोडून तर बघ!"